नावात पुष्कळ काही असते

वनस्पतिशास्त्र घेतलेल्या विद्यार्थ्याला आपल्याकडे दोन प्रकारचे लोक भेटतात. पहिले विचारतात, ‘पाने-फुले मोजून पुढे काय करणार?’ दुसरे म्हणतात, ‘वा! म्हणजे झाडपाला ओळखता येत असेल. मग अमुक दुखण्यावर एखादे मूळ सांगा की!’ पहिल्यांच्या मते ह्या शास्त्राचा काही उपयोग नाही. दुसऱ्यांच्या मते झाड एकदा औषधी ठरले, की त्याच्याविषयी आणखी काही जाणून घ्यायचे उरतच नाही. मला ही दोन्ही मते चुकीची वाटतात. ती का चुकीची आहेत हे नुसते वाद घालून पटणार नाही, म्हणून एका परदेशी तणाची हकिकत सांगतो. हे तण तुम्ही पाहिलेले असण्याची शक्यता थोडी आहे; पण त्याच्या हकिकतीतला धडा आपल्या गावातल्या काष्ठौषधींच्या दुकानापर्यंत येऊन पोचतो.

ह्या तणाचे शास्त्रीय नाव अम्मी मेजस. लिनीअसने ते १७५३ साली दिले. भूमध्य समुद्राभोवतालचा प्रदेश आणि नाईल नदीचे खोरे हे त्याचे घर. इजिप्तमध्ये हिवाळी पिकांत, विशेषतः जनावरांसाठी लावलेल्या बरसीम घासात, ते न पेरता उगवते. वनस्पती वर्षायू, म्हणजे बी रुजण्यापासून बी झडेपर्यंतचा सारा संसार एका हंगामात आटोपणारी. तिचे कूळ मात्र आपल्या अगदी घरोब्यातले आहे. पूर्वी ज्याला अंबेलिफेरी म्हणत आणि आता एपिएसी म्हणतात, मराठी विश्वकोशाने ज्याला ‘चामर कुल’ असे सुरेख नाव दिले, ते हे गाजराचे कूळ. आपल्या मिसळणाच्या डब्यातले निम्मे मानकरी ह्याच भावकीतले: धने, जिरे, बडीशेप, ओवा, हिंग. भाजीच्या टोपलीतले कोथिंबीर, शेपू, गाजर हेही त्यातलेच. कन्नड विभागाच्या वाचकांनी कोत्तंबरी, जीरिगे, ओम, सब्बसिगे असे वाचावे. झाडे तीच आहेत.

पण भावकी म्हटली की त्यात सगळेच सज्जन नसतात. ख्रिस्तपूर्व ३९९ मध्ये अथेन्सच्या तुरुंगात सॉक्रेटिसाला जो विषाचा प्याला देण्यात आला, तो ह्याच कुळातल्या कोनियम मॅक्युलेटम ह्या वनस्पतीचा, असे मानले जाते. त्या झाडाचे पान पाहिले तर गाजराच्या पाल्याची आठवण व्हावी. युरोपात रानातली ‘गाजरे’ वा ‘अजमोदा’ म्हणून ह्या कुळातली विषारी झाडे खाल्ल्याने माणसे दगावली आहेत. एकाच कुळात अन्न आहे, औषध आहे आणि विषही आहे. आणि दुरून पाहिले तर तिन्हींवर तीच पांढरी छत्री! अशा वेळी ‘पाने-फुले मोजणे’ हा रिकामटेकडा उद्योग राहत नाही. जेवणारा आणि मरणारा ह्यांच्यातले अंतर कधी कधी फळावरच्या कंगोऱ्यांएवढेच असते.

तेव्हा अम्मी मेजस जरा जवळून पाहू. गुडघ्यापासून कमरेच्या वरपर्यंत, कधी एक मीटरपर्यंत वाढणारी ही ओषधी. खाली सोटमूळ, वर गुळगुळीत, उभ्या रेघांचे, फांद्या फुटलेले खोड. पानाचा देठ तळाशी पसरट होऊन खोडाला वेढतो. ही सर्व कुळाची खूण. कोथिंबिरीची जुडी निवडताना ती आपण रोज पाहतो, पण पाहिली असे म्हणत नाही. खालच्या पानांचे खंड रुंद, भाल्याच्या पात्यासारखे आणि काठाला बारीक दातेरी. वर जावे तशी पाने अधिकाधिक चिरलेली. म्हणजे एकाच झाडावर दोन तऱ्हेची पाने. नुसते वरचे पान पाहून नाव सांगणारा फसतो आणि नुसते खालचे पाहणाराही फसतो.

मग फुलोरा. खोडाच्या टोकाच्या एकाच बिंदूपासून छत्रीच्या काड्यांसारखे अनेक दांडे निघतात. प्रत्येक दांड्याच्या टोकाला पुन्हा एक चिमुकली छत्री, आणि त्या छत्रीत पांढरी, पाच पाकळ्यांची नखाएवढीही नसलेली फुले. हा संयुक्त चामरकल्प. मोठ्या छत्रीच्या तळाशी हिरव्या छदांचे एक वर्तुळ असते. अम्मीची खरी खूण इथे आहे: ही छदे अखंड नसतात, ती बारीक दोऱ्यांसारखी विभागलेली असतात, जणू छत्रीखाली हिरवी झालर लावली आहे. फुलाचा किंजपुट अधःस्थ. त्यापासून होणारे फळ पिकले की मधोमध दुभंगते आणि त्याचे दोन फलांश होतात. आपण ज्याला ‘बी’ म्हणतो, ते जिरे असो की बडीशेप, ते खरे तर असे अर्धे फळ असते. अम्मी मेजसचा फलांश जेमतेम दोन मिलिमीटरचा, पाच कंगोऱ्यांचा; सालीत तेलाच्या सूक्ष्म नलिका. ह्या दोन मिलिमीटरांत औषध भरले आहे आणि धोकाही भरला आहे.

हिची एक सख्खी बहीण आहे, अम्मी विस्नागा. तीही त्याच प्रदेशातली, तशीच पांढऱ्या छत्रीची. हिची पाने मात्र वरपासून खालपर्यंत दोऱ्यासारखी चिरलेली, आणि फळे धरली की छत्रीच्या काड्या जाड होऊन आत वळतात व पाखराच्या घरट्यासारखा आकार होतो. त्या वाळलेल्या काड्या इजिप्तमध्ये दात कोरायला वापरतात. हिच्या फळांत खेलिन नावाचे द्रव्य असते. त्याच्या रेणूवर काम करता करता दम्यावरचे क्रोमोलिन आणि हृदयाच्या अनियमित ठोक्यांवरचे अमियोडॅरोन ही औषधे पुढे निघाली. दोघी बहिणी, घर एक, रूप एक; पण एकीचा गुण दुसरीत शोधाल तर हाती काही लागणार नाही. तेव्हा घरट्यासारख्या वळलेल्या काड्या ही जर्नलमध्ये काढायची केवळ एक आकृती नव्हे. कोणते औषध कोठे आहे ह्याचा तो पत्ता आहे.

आता नावाचा घोटाळा पाहा. अम्मी मेजसला इंग्रजीत ‘बिशप्स वीड’ म्हणतात. आपल्या ओव्यालाही कित्येक इंग्रजी पुस्तकांत ‘बिशप्स वीड’ असेच म्हटलेले आढळते. युरोपातल्या बागांत पसरणारी एगोपोडियम नावाची, ह्याच कुळातली तिसरी वनस्पतीही ‘बिशप्स वीड’च. त्यात भर म्हणजे ओव्याच्या शास्त्रीय नावाचा दुसरा शब्दही ‘अम्मी’ आहे: ट्रॅकिस्पर्मम अम्मी. एखाद्याने इंग्रजीत ‘बिशप्स वीडने कोड बरे होते’ असे वाचले आणि पोटदुखीवर दिला जाणारा ओवा महिनोन्महिने खाल्ला, तर त्यात त्याचा दोष किती? दोष त्या लिहिणाऱ्याचा, ज्याला झाडाचे पूर्ण नाव लिहिण्याची गरज वाटली नाही.

हे परक्यांचेच घोटाळे आहेत असे समजू नये. आपल्याकडे ‘ब्राह्मी’ म्हटले की काही ठिकाणी मंडूकपर्णी देतात, काही ठिकाणी बाकोपा देतात. मंडूकपर्णी, म्हणजे आपल्या कन्नड शेजाऱ्यांचे ओंदेलग, चामर कुलातली. बाकोपाचे कूळ सर्वस्वी निराळे. एकीचे पान बेडकाच्या पावलासारखे गोल, दुसरीचे लहान, मांसल, लांबट. परीक्षेच्या आधी मुलांना ‘ब्राह्मी’ पाजणाऱ्या किती घरांत ती कोणती ब्राह्मी हा प्रश्न विचारला जातो?

वर कोडाचा उल्लेख केला. अम्मी मेजसची कीर्ती त्या विकारामुळेच आहे, आणि हकिकतीचा महत्त्वाचा भाग आता सुरू होतो. तेराव्या शतकात इब्न अल-बैतार नावाचा एक थोर वनस्पतिज्ञ होऊन गेला. जन्म स्पेनमधल्या मालागाचा, मृत्यू १२४८ साली दमास्कसमध्ये. औषधी द्रव्यांवरच्या त्याच्या कोशात सुमारे चौदाशे द्रव्यांची माहिती आहे. त्यात ‘आत्रिलाल’ नावाच्या एका वनस्पतीविषयी तो लिहितो, की उत्तर आफ्रिकेतील एका बर्बर टोळीला कोडावर ह्या झाडाच्या फळांचा गुण ठाऊक होता. ती टोळी हे गुपित बापाकडून मुलाकडे असे जपत असे आणि लांबलांबचे रोगी तिच्याकडे येत. ह्या उपचाराचा एक भाग फार सूचक आहे: फळांची पूड खाल्ल्यावर रोग्याला डाग उघडे ठेवून उन्हात बसवायचे. औषध पोटात आणि ऊन अंगावर, दोन्ही मिळून उपचार पुरा. त्या लोकांना रसायनशास्त्र येत नव्हते, पण निरीक्षण पक्के होते.

पुढे सातशे वर्षे ही पूड इजिप्तच्या बाजारांत विकली जात राहिली. १९४० च्या दशकात कैरोच्या विद्यापीठातील फहमी आणि त्यांचे सहकारी ह्यांनी त्या फळांतून शुद्ध स्फटिकरूप द्रव्ये वेगळी केली. त्यांतले मुख्य द्रव्य त्यांनी ‘अमॉयडिन’ म्हटले. ते म्हणजे ८-मेथॉक्सिसोरॅलेन. त्याच शहरातले त्वचारोगतज्ज्ञ अब्देल मोनेम अल मोफ्ती ह्यांनी कोडाच्या रोग्यांवर ते वापरून पाहिले आणि १९४८ साली आपले अनुभव प्रसिद्ध केले. १९७४ साली अमेरिकेतील बॉस्टनच्या वैद्यांनी हेच द्रव्य पोटात देऊन, ठरावीक लांबीच्या जंबुपार किरणांचे मोजून मापून दिवे लावून, सोरायसिस ह्या हट्टी त्वचारोगावर उपचाराची पद्धत बसवली. त्या शोधनिबंधाच्या चार लेखकांतले एक नाव पाठक असे आहे, हे वाचून आपल्याला थोडा आनंद व्हायला हरकत नाही. १९८७ साली एडेलसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्वचेतून उद्भवणाऱ्या एका प्रकारच्या लसिकापेशींच्या कर्करोगावर आणखी पुढची युक्ती प्रसिद्ध केली: रोग्याचे रक्त शरीराबाहेर काढायचे, त्यातल्या पांढऱ्या पेशींवर ह्या द्रव्यासह किरण सोडायचे आणि ते रक्त परत द्यायचे. बरसीमच्या शेतातले तण कोठवर जाऊन पोचले पाहा!

ह्या द्रव्याचे काम चालते कसे? सोरॅलेनचा रेणू चपटा असतो. पेशीतल्या डी.एन.ए.च्या शिडीला ज्या पायऱ्या असतात, त्यांच्यामध्ये तो अलगद सरकून बसतो. अंधारात तो तिथे निरुपद्रवी पाहुण्यासारखा असतो. पण ३२० ते ४०० नॅनोमीटर लांबीचे जंबुपार किरण पडले, की तो शिडीच्या दोन्ही बाजूंना पक्का चिकटतो आणि दोन धागे एकमेकांना शिवून टाकतो. मग पेशीला दुभागता येत नाही. सोरायसिसमध्ये त्वचेच्या पेशी बेसुमार वाढतात, तिथे हा लगाम उपयोगी पडतो. कोडाच्या बाबतीत हा उपचार रंग तयार करणाऱ्या, केसांच्या मुळाशी शिल्लक राहिलेल्या पेशींना चेतवतो आणि डागात ठिपक्या-ठिपक्यांनी रंग परतू लागतो. सर्वांना परततो असे नाही. ओठांवर, बोटांच्या टोकांवर तो फार चिवटपणे नाकारतो.

झाड हे द्रव्य आपल्यासाठी बनवत नाही, हे ध्यानात ठेवावे. ते त्याचे शस्त्र आहे. मे बेरेनबॉम ह्या अमेरिकन कीटकशास्त्रज्ञ स्त्रीने १९७८ साली दाखवून दिले, की हे द्रव्य असलेले अन्न खाणाऱ्या अळ्यांना जंबुपार प्रकाशात ते अधिक मारक ठरते. अशा प्रकाशविषारी झाडांवर राहणाऱ्या काही अळ्यांनी तोड काढली आहे: पान गुंडाळून घ्यायचे आणि आतल्या अंधारात बसून खायचे! अम्मी मेजसची फळे चरण्यात आली तर मेंढ्या, गाई, बदके ह्यांना उन्हात गेल्यावर फोड येतात. युरोपात पुष्पगुच्छांसाठी हे झाड लावतात. त्याला हाताळणाऱ्यांच्या कातडीवरही फोड उठल्याच्या नोंदी आहेत. जे द्रव्य अळीला मारते, मेंढीला भाजते, तेच माणसाला बरे करते. फरक मात्रेचा आणि उन्हाच्या मोजमापाचा आहे. ‘नैसर्गिक आहे, त्याने अपाय होत नाही’ हे आपल्याकडचे लाडके वाक्य आहे. निसर्गाने ते कधी म्हटलेले नाही.

आणि आता आपल्या अंगणात येऊ. आपल्याकडे अम्मी मेजस रानात उगवत नाही. पण बावची उगवते. तीही वर्षायू, तीही रानटी. कूळ मात्र निराळे, शेंगांचे. पण रसायन त्याच घराण्यातले. किंबहुना ‘सोरॅलेन’ हे नावच बावचीच्या सोरॅलिया कॉरिलिफोलिया ह्या शास्त्रीय नावावरून आले. बावचीच्या बियांतून ते द्रव्य १९३३ साली वेगळे केले जोइस, मंजुनाथ आणि वेंकटराव ह्या आपल्याच देशातल्या तिघांनी. कैरोच्या संशोधनाच्या कितीतरी वर्षे आधी. आयुर्वेदात बाकुची कोडावर पूर्वापार सांगितलेली आहे, आणि अथर्ववेदाच्या पहिल्या कांडात ‘किलास’ म्हणजे पांढरे डाग जावेत म्हणून वनस्पतीला उद्देशून सूक्ते आहेत. आमच्या पूर्वजांना सर्व माहीत होते, असे म्हणणारे इथे आनंदतील. त्यांना मी एवढेच विचारीन: मग आज आपल्या गावात बावची कशी विकली जाते?

ती पुडीत बांधून विकली जाते. किती घ्यावी, तेल किती पातळ करावे, उन्हात किती मिनिटे बसावे, काय झाले तर थांबावे, ह्यांतले काही पुडीवर नसते. माझ्या माहितीतल्या एका मुलीने कोणीतरी दिलेले बावचीचे तेल डागांना लावले आणि लवकर गुण यावा म्हणून मे महिन्यातल्या दुपारी गच्चीवर बसून राहिली. संध्याकाळपर्यंत पायावर टरारून फोड आले. भाजल्याची जखम भरायला आठवडे गेले. कोडाच्या त्वचेवर जखम झाली की त्या जागी नवा डाग उमटू शकतो, हे तिला कोणी सांगितलेच नव्हते. तिला तेल देणारा माणूस दुष्ट होता असे मी म्हणणार नाही. त्याला झाडाचा गुण माहीत होता; झाड माहीत नव्हते.

ती मुलगी एवढी घायकुतीला का आली, हाही प्रश्न आहेच. कोड हा संसर्गजन्य नाही. शरीराची संरक्षक यंत्रणाच चुकून रंगपेशींवर हल्ला करते, म्हणून डाग पडतात. जगात दर दोनशे माणसांत एक-दोघांना तो असतो. म्हणजे आपल्याच महाविद्यालयात अशी काही मुले-मुली असणार. त्याने जीव जात नाही, हातपाय झडत नाहीत. पण आपल्या भाषेने त्याला ‘श्वेतकुष्ठ’ म्हटले, आणि एका शब्दाने कोड आणि महारोग ह्यांची गाठ मारून टाकली. दोन्हींचा परस्परांशी काही संबंध नाही. महारोग जंतूंमुळे होतो आणि औषधाने पूर्ण बरा होतो. त्याच्या रोग्यालाही वाळीत टाकण्याचे कारण नाही. कन्नडात कोडाला ‘तोन्नू’ असा वेगळा शब्द आहे. पण म्हणून तिथे लग्ने मोडत नाहीत असे नाही. चुकीच्या नावाने माणसाचे किती नुकसान होते ह्याचे ह्याहून ढळढळीत उदाहरण मला ठाऊक नाही. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर ह्यांनी २००६ साली ‘नितळ’ हा मराठी चित्रपट ह्याच विषयावर काढला. ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांनी जरूर पाहावा. लोकांची नजर बदलली असती, तर ती मुलगी मेच्या उन्हात गच्चीवर बसली नसती.

कैरोहून निघालेली हकिकत तिथे संपली नाही हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. ८-मेथॉक्सिसोरॅलेन आणि किरण ह्यांचा उपचार वर्षानुवर्षे घेतलेल्यांत त्वचेच्या कर्करोगाचे प्रमाण वाढते, हे १९७९ पासून प्रसिद्ध होत आले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ह्या जोडीला माणसात कर्करोग घडवणाऱ्यांच्या पहिल्या गटात घातले आहे. कोडासाठी १९९७ पासून अरुंद पट्ट्याचे जंबुपार किरण, कोणतेही सोरॅलेन न देता, वापरात आले आणि पुष्कळ ठिकाणी त्यांनी जुन्या उपचाराची जागा घेतली. २०२२ साली अमेरिकेत कोडावर रुक्सोलिटिनिब ह्या औषधाच्या मलमाला मान्यता मिळाली. त्याचा ह्या झाडाशी काही संबंध नाही. म्हणजे झाडाने वाट दाखवली, माणूस त्या वाटेने गेला, वाटेतले खड्डे मोजले आणि जरूर पडली तेव्हा दुसरी वाट धरली. माझ्या मते शास्त्र म्हणजे हेच. झाडाची पूजा करणाऱ्याला हे जमत नाही, आणि झाडाकडे न पाहणाऱ्यालाही जमत नाही.

ह्यावर माझे काही मित्र म्हणतील, ‘मग तू आमच्याच बाजूचा. द्रव्य सापडले, रेणू कळला. आता कारखान्यात करता येतो. झाडाची छदे मोजून काय उपयोग?’ त्यांना माझे उत्तर असे. फहमींनी बाजारातली पूड आणली, तेव्हा ती कोणत्या झाडाची हे त्यांना आधी ठरवावे लागले. ती विस्नागाची निघाली असती तर अमॉयडिन हाती आले नसते. बाटलीवरच्या रेणूच्या मागे एक झाड असते, आणि त्या झाडाच्या मागे ते अचूक ओळखणारा माणूस असतो. शिवाय बाजारात रेणू मिळत नाहीत, पुडी मिळते. पुडी कशाची आहे हे सांगणारा माणूस प्रत्येक तालुक्याच्या गावी लागतो. तो आपल्यासारख्या महाविद्यालयांतून नाही, तर कोठून येणार?

प्राध्यापक मंडळींची क्षमा मागून थोडे आपल्या शिकण्याविषयीही बोलतो. चामर कुल आम्हांला एका तासात शिकवले जाते. पुष्पसूत्र फळ्यावर येते, तेथून वहीत, वहीतून उत्तरपत्रिकेत, आणि निकाल लागला की ते नाहीसे होते. ‘आर्थिक महत्त्व’ ह्या मथळ्याखाली सात-आठ नावे पाठ असतात. त्या नावांतले जिरे आणि घरातल्या डब्यातले जिरे एकच, हे भिंगाखाली एकदाही न पाहता आम्ही पदवीधर होतो. श्रावणात आपल्या सह्याद्रीच्या सड्यांवर ह्याच कुळातल्या पांढऱ्या छत्र्या फुललेल्या असतात. सहलीला गेलेलो आम्ही त्यांच्यापुढे उभे राहून छायाचित्रे काढतो आणि परततो. ह्यात सगळा दोष अभ्यासक्रमाचा नाही. डोळे आमचेच आहेत.

म्हणून एक सूचना करतो. तिला पैसा लागत नाही. वनस्पतिशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याने वर्षातून एका रानटी झाडाची पुरी ओळख करून घ्यावी. रोप रुजल्यापासून फळ फुटेपर्यंत पाहावे, भिंगाने पाहावे, चित्र काढावे. शास्त्रीय नाव लिहावे, आणि त्याशेजारी त्या झाडाचे आपल्या तालुक्यातले मराठी नाव आणि कन्नड नाव लिहावे. ही नावे पुस्तकातून उतरवू नयेत. शेतकऱ्याला, भाजीवालीला, धनगराला विचारावीत. एकाच नावाखाली दोन झाडे निघाली, तर तेही नोंदवावे. गुण लिहावा तसा धोकाही लिहावा. अशी दहा-बारा टिपणे दर वर्षी ह्याच अंकात, मराठी विभागात आणि कन्नड विभागात समोरासमोर छापावीत. दोन भाषांचा अंक काढणाऱ्या महाविद्यालयाला हे जितके सोपे आहे, तितके ते पुण्या-मुंबईच्या महाविद्यालयांना नाही. आपण सीमेवर राहतो ह्याचे दुःख आपण पुष्कळदा बोलून दाखवतो. एका झाडाची दोन नावे आपल्याला घरबसल्या ऐकू येतात, हा त्याच सीमेचा लाभही आहे.

पहिल्या वर्षी मी बावची घेईन. ती कोठे उगवते, तिला आपल्या भागात काय काय म्हणतात, बाजारात तिच्या नावाने आणखी कशाच्या बिया खपवल्या जातात, हे पाहीन. आणि टिपणाच्या शेवटी जाड अक्षरांत लिहीन, की डॉक्टरांनी सांगितल्याखेरीज हे तेल लावून उन्हात बसू नये. दुसरे कोणी ओंदेलग घ्यावे, कोणी रानशेपू, कोणी बांधावरचे बिननावाचे तण. आपल्यापैकी एखाद्याचे टिपण वाचून गच्चीवर जाणारी एखादी मुलगी थांबली, तरी आपल्या पाने-फुले मोजण्याचा हिशेब चुकता झाला असे मी समजेन.